प्रोसेस हाऊसच्या सांडपाण्यासाठी मेम्ब्रेन कसे निवडावे, तपासावे आणि टिकवावे

कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये (कापड धुणाऱ्या-रंगवणाऱ्या कारखान्यात) मेम्ब्रेन, म्हणजे सांडपाणी गाळणारा अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा, बसवण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास ‘किती मायक्रॉनचे घ्यायचे?’ असा येतो आणि दुसरा ‘कितीला पडेल?’ असा. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत, पण त्यांची वेळ नंतरची आहे. रंगाईच्या पाण्यावर मेम्ब्रेन छिद्राचा आकार चुकला म्हणून क्वचितच फसते. ते ज्या पदार्थाचे बनलेले आहे त्याचे आणि पाण्यातल्या एखाद्या रसायनाचे जमत नाही, म्हणून फसते. त्यामुळे निवड पाण्यापासून सुरू करावी आणि कॅटलॉगपाशी शेवटी यावे. दिवसाला ५० ते २०० घनमीटर सांडपाणी काढणाऱ्या कारखान्यात ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) सांभाळणारे केमिस्ट, सुपरवायझर आणि खर्चाचा निर्णय घेणारे मालक यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचे सगळे लिहिले आहे.

हा खर्च करायचा कशासाठी, हे इचलकरंजीच्या माणसाला पंचगंगा रोज दाखवते. पृष्ठभागावरील जलस्रोतात पाणी सोडताना बीओडी (जिवाणूंना पचणाऱ्या सेंद्रिय घाणीचे माप) ३०, सीओडी (एकूण सेंद्रिय घाणीचे रासायनिक माप) २५० आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) २१०० मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादा सर्वांना पाठ आहेत, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटी याहून कडक असू शकतात. बीओडी आणि सीओडी जैविक प्रक्रियेने बरेच खाली येतात, पण विरघळलेले मीठ जिवाणू खात नाहीत आणि तुरटीने ते खाली बसतही नाही. तमिळनाडूतील तिरुपूरमध्ये नोय्यल नदीच्या प्रश्नावर मद्रास उच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर तिथल्या उद्योगाला थेंबही बाहेर न सोडण्याच्या पद्धतीकडे वळावे लागले. त्या पद्धतीच्या मध्यभागी मेम्ब्रेनच आहे.

पहिली पायरी: नाल्यातून मागे चालत जा

इक्वलायझेशन टाकीतून (जिथे सगळे सांडपाणी एकत्र मिसळते) एक बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवली की सरासरी कळते, स्वभाव कळत नाही. त्याऐवजी पूर्ण एक दिवस दर दोन तासांनी नमुना घ्यावा, प्रत्येक बाटलीवर वेळ आणि त्या वेळी कोणत्या मशीनचा ड्रेन चालू होता ते लिहावे, आणि पीएच, तापमान व टीडीएस जागेवरच मोजून घ्यावे. नंतर विभागांप्रमाणे मागे चालत जावे.

डिसायझिंगमधून (सुताची खळ काढताना) स्टार्च आणि पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) येतो; पीव्हीए जिवाणूंना सहजासहजी पचत नाही आणि मेम्ब्रेनवर चिकट साय धरतो. स्कावरिंगमधून (कापड उकळून धुताना) कॉस्टिक, मेण आणि तेल येते. ब्लीचिंगकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पेरॉक्साइड स्थिर ठेवण्यासाठी तिथे सोडियम सिलिकेट वापरले जाते आणि हाच सिलिका पुढे आरओच्या (रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे दाब देऊन विरघळलेले मीठही अडवणाऱ्या मेम्ब्रेनच्या) शेवटच्या एलिमेंटवर (मेम्ब्रेन गुंडाळलेल्या नळकांड्यावर) काचेसारखा थर देतो. साध्या तापमानाला सुमारे १२० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या पुढे सिलिका पाण्यात विरघळून राहत नाही. बोअरवेलचे पाणी वापरात असेल तर बेसॉल्टमधून आलेला सिलिका त्यात आधीच असतो. रिअॅक्टिव्ह रंगाईतून मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट, सोडा अॅश आणि कापडाला न लागलेला रंग येतो. फिनिशिंगमधून येणारे पाणी प्रमाणाने थोडे, पण स्वभावाने सर्वांत वाईट असते: कॅटायनिक सॉफ्टनर (कापड मऊ करणारे रसायन) आणि सिलिकॉन. आरओच्या पॉलिअमाइड मेम्ब्रेनचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, कॅटायनिक सॉफ्टनर धनभारित; दोघांची गाठ पडली की ती सहसा सुटत नाही. सॉफ्टनरचा ड्रेन वेगळा काढता येत असेल तर तो वेगळाच काढावा. तेवढ्या पाइपलाइनचा खर्च पहिल्या मेम्ब्रेन बदलीतच वसूल होतो.

ईटीपीतील स्वतःची रसायनेही याच यादीत लिहावीत. जुन्या ईटीपीत अजूनही चुना आणि हिराकस टाकण्याची पद्धत आहे. हिराकसमधून लोह आणि सल्फेट येते, चुन्यातून कॅल्शियम येते, आणि पुढे आरओमध्ये पाणी चार-पाच पट दाट झाले की कॅल्शियम आणि सल्फेटचे जिप्सम तयार होते, जे अॅसिडलाही दाद देत नाही. पीएसीचा (पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइडचा) डोस जास्त झाला तर अॅल्युमिनियम वाहत पुढे जाते, आणि गाळ एकत्र आणणारे कॅटायनिक पॉलिइलेक्ट्रोलाइट जास्त झाले तर ते थेट मेम्ब्रेनवर बसते, शिवाय अँटिस्केलंटशी (क्षारांचा थर रोखणाऱ्या रसायनाशी) जुळून त्याचाही चिकटा करते. रंग उतरला म्हणून डोसिंग पंप वाढवून ठेवणारा ऑपरेटर स्वच्छ दिसणारे पाणी देतो, पण ते पाणी मेम्ब्रेनसाठी स्वच्छ असतेच असे नाही.

दुसरी पायरी: पदार्थांची ओळख

पीव्हीडीएफ हे फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिक म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशन (यूएफ, म्हणजे बारीक कण अडवून मीठ जाऊ देणारे मेम्ब्रेन) आणि एमबीआर (जैविक प्रक्रियेच्या टाकीतच मेम्ब्रेन बुडवण्याची पद्धत) यांत सर्वाधिक भेटणारे नाव. त्याचे पोकळ तंतू लवचिक असतात, हवेच्या सततच्या माऱ्याने सहज तुटत नाहीत आणि हायपोक्लोराइटने धुतले तरी टिकतात. एमबीआरच्या टाकीत लिटरला ८ ते १२ हजार मिलिग्रॅम गाळात बुडून काम करायचे असल्याने हे गुण तिथे मोलाचे ठरतात. त्याचे दुखणे कॉस्टिक आहे. पीएच ११ च्या वर वारंवार धुतल्यास त्याच्या रेणूतून फ्लोरिन निघून जाते आणि पांढरे तंतू आधी पिवळसर, मग तपकिरी दिसू लागतात. हाताने वाकवल्यावर ते कडक लागले तर समजावे की वय झाले. युरोपात फ्लोरिनयुक्त रसायनांवर व्यापक निर्बंध आणण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये मांडला गेला आणि त्याच्या कक्षेत पीव्हीडीएफही येते, म्हणून पर्यायी पदार्थांचा शोध सध्या वेगाने चालू आहे.

पीईएस, म्हणजे पॉलिइथरसल्फोन, अल्कलीला पीव्हीडीएफपेक्षा बरेच चांगले सोसते आणि पीएच १३ पर्यंतची धुलाई सहन करते. स्टार्च, पीव्हीए आणि तेलाचा भार असलेल्या पाण्याला कॉस्टिकची धुलाई अटळ असते, म्हणून अशा ठिकाणी मी पीईएसकडे झुकतो. त्याचे तंतू मात्र ठिसूळ असतात आणि हवेने हलवत ठेवायच्या कामाला ते योग्य नाहीत. पॉलिअॅक्रिलोनायट्राइल हा तिसरा पर्याय पाण्याला अधिक जवळचा, म्हणून तेलाला कमी चिकटणारा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या पदार्थाच्या अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेनवर बरेच काम केले आहे. पॉलिसल्फोन हा पीईएसचाच भाऊबंद, आणि आरओ मेम्ब्रेनखालचा आधाराचा थर बहुधा त्याचाच असतो.

सिरॅमिक मेम्ब्रेन अॅल्युमिना, टायटॅनिया, झिर्कोनिया किंवा सिलिकॉन कार्बाइडचे असते. किमतीचा आकडा ऐकून लोक तिथेच थांबतात. पण जेटचा (रंगाईच्या मशीनचा) ड्रेन ७० अंशांवर येत असेल, त्यात कॉस्टिक असेल आणि तोच कॉस्टिक परत वापरायचा असेल, तर पॉलिमरचे मेम्ब्रेन मुळात उमेदवारच नाही, कारण सर्वसाधारण यूएफ ४० आणि आरओ ४५ अंशांच्या पुढे चालवू नये. सिरॅमिक त्या तापमानाला चालते, जवळजवळ कोणत्याही पीएचला धुता येते, त्यातून तासाला प्रति चौरस मीटर पाणीही कितीतरी जास्त निघते, आणि नीट वापरल्यास ते दहा वर्षे टिकू शकते. आपटले किंवा अचानक गरम-थंड केले तर मात्र ते तडकते.

आता आरओ. १९६० च्या सुमारास श्रीनिवास सौरीराजन आणि सिडनी लोएब यांनी कॅलिफोर्नियात सेल्युलोज अॅसिटेटचे असममित मेम्ब्रेन बनवले आणि आरओ व्यवहारात आले. आज वापरात असलेले बहुतेक आरओ मेम्ब्रेन मात्र जॉन कॅडॉट यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या पातळ थराच्या पॉलिअमाइडचे आहे. त्यातला मीठ अडवणारा थर साधारण १०० ते २०० नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या काहीशेव्या भागाचा. सगळा पैसा या थराचा, आणि त्याचा शत्रू एकच: मुक्त क्लोरिन. फीडमध्ये (मेम्ब्रेनला दिल्या जाणाऱ्या पाण्यात) क्लोरिन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या खाली, शक्यतो शून्य हवे. पाण्यात लोह असेल तर क्लोरिनचा मारा आणखी जलद होतो.

आरओ आणि यूएफ यांच्या मध्ये नॅनोफिल्ट्रेशन येते आणि रंगाईवाल्यांनी सर्वाधिक लक्ष द्यावे असे सध्या तिथेच घडत आहे. रिअॅक्टिव्ह ब्लॅक ५ सारख्या रंगाचा रेणुभार सुमारे ९९० आहे, तर मिठाचा ५८.५. ‘सैल’ म्हणवल्या जाणाऱ्या नॅनोफिल्ट्रेशन मेम्ब्रेनमधून मीठ बरेचसे पार होते आणि रंग अडतो. म्हणजे ब्राइन (मिठाचे पाणी) रंगाविना परत मिळते आणि पुढच्या बॅचला वापरता येते. आरओमध्ये दोन्ही एकत्र अडकतात आणि शेवटी बाष्पीभवन यंत्रातून रंगीत, विकता न येणारे मीठ बाहेर पडते. ज्या कारखान्यात बहुतांश सुती माल आणि रिअॅक्टिव्ह रंगाई आहे, तिथे पहिल्या रंगबाथचा दाट ड्रेन वेगळा घेऊन त्याला सैल नॅनोफिल्ट्रेशन लावणे हा पर्याय आधी तपासावा.

ग्राफीन ऑक्साइड, धातू-सेंद्रिय जाळ्या, कार्बन नलिका आणि जलवाहिनी प्रथिने यांच्या बातम्या सारख्या येत असतात. ग्राफीन ऑक्साइडचे थर पाण्यात फुगतात आणि त्यांच्यातली फट रुंदावते, त्यामुळे कोरड्या अवस्थेत मोजलेली निवडकता ओल्या अवस्थेत टिकत नाही. काही धातू-सेंद्रिय जाळ्या आम्लधर्मी पाण्यात विरघळू लागतात. पॉलिअमाइडमध्ये नॅनोकण मिसळण्याची कल्पना मात्र प्रयोगशाळेतून बाजारात आली आहे, आणि पीईएसमध्ये टायटॅनिया किंवा पाणीप्रिय पॉलिमर मिसळून चिकटपणा कमी करण्याचे तंत्रही. विक्रेत्याने ‘नॅनो’ म्हटले की एकच विचारावे: हे एलिमेंट रंगाईच्या खऱ्या सांडपाण्यावर किती महिने आणि किती धुलायांनंतर चालले आहे, आणि ते पाहायला मला कुठे जाता येईल?

तिसरी पायरी: स्वतः लहान चाचणी घ्या

सपाट पत्र्याच्या रूपातला मेम्ब्रेनचा तुकडा आणि एक छोटा क्रॉसफ्लो सेल (मेम्ब्रेनवरून पाणी आडवे फिरवणारे चाचणीचे उपकरण) एवढ्यावर खूप काही कळते. सेल अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा विक्रेत्याकडे मिळतो. क्रम असा ठेवावा. आधी शुद्ध पाण्याचा प्रवाह ठरावीक दाबावर स्थिर होईपर्यंत मोजावा. ४० चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यातून मिनिटाला १० मिलिलिटर पाणी येत असेल, तर ते तासाला ०.६ लिटर आणि ०.००४ चौरस मीटरने भागल्यावर १५० लिटर प्रति चौरस मीटर प्रति तास होते. बोलताना याला १५० एलएमएच म्हणतात. नंतर खरे सांडपाणी, तेही पूर्वप्रक्रिया झालेले, सहा तास फिरवावे. प्रवाह ६० वर आला तर घाबरू नये. मग नुसत्या पाण्याने धुवून पुन्हा शुद्ध पाण्याचा प्रवाह मोजावा, समजा तो १०५ आला. त्यानंतर रसायनाने धुवून मोजावा, समजा १४२ आला. शेवटच्या आकड्याला पहिल्याने भागले की सुमारे ९५ टक्के मिळतात.

मला पहिल्या १५० पेक्षा हे ९५ महत्त्वाचे वाटतात. सुरुवातीला २०० देणारे आणि तीन फेऱ्यांनंतर ७० टक्क्यांवर अडकणारे मेम्ब्रेन देखणे असले तरी घेऊ नये. म्हणून हा क्रम किमान पाच वेळा करावा आणि पाचही आकडे वहीत एकाखाली एक लिहावेत. ते उतरत जात असतील तर न धुता येणारे काहीतरी साचत आहे.

याच्या जोडीला भिजवण्याची चाचणी घ्यावी, जी कोणी घेत नाही आणि जिला खर्च जवळजवळ नाही. तळहाताएवढे तुकडे वेगवेगळ्या बरण्यांत ठेवावेत: एक खऱ्या सांडपाण्यात, एक धुलाईच्या कॉस्टिकमध्ये, एक हायपोक्लोराइटमध्ये, एक फिनिशिंगच्या सॉफ्टनरमध्ये. आठवड्याने प्रवाह आणि मीठ अडवण्याची टक्केवारी पुन्हा मोजावी.

आरओच्या आधी एसडीआय (पाणी मेम्ब्रेन किती चोंदवेल याचा आकडा) मोजणे टाळू नये. ४७ मिलिमीटरच्या, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ३० पीएसआय दाबाने पहिले ५०० मिलिलिटर भरायला किती सेकंद लागले आणि पंधरा मिनिटांनंतरचे ५०० भरायला किती लागले, एवढेच मोजायचे. पहिल्याला ३० आणि नंतरच्याला ६० सेकंद लागले, तर एक वजा अर्धा, गुणिले १००, भागिले १५, म्हणजे ३.३. पाचच्या वर गेल्यास पाणी आरओला देऊ नये. तीनच्या खाली आले तर ऑपरेटरला चहा पाजावा.

चौथी पायरी: क्षेत्रफळ आणि रिकव्हरी

दिवसाला १०० घनमीटर पाणी, वीस तास चालणारा प्लांट आणि यूएफचा टिकाऊ प्रवाह ४० एलएमएच धरला, तर एक लाख लिटर भागिले आठशे, म्हणजे १२५ चौरस मीटर लागतात. बॅकवॉशमध्ये (उलट प्रवाहाने धुण्यात) जाणारा वेळ आणि पाणी धरून यावर पाचवा हिस्सा चढवावा. कोटेशनमध्ये ८० एलएमएच लिहून निम्मे मेम्ब्रेन देणारा विक्रेता स्वस्त वाटतो. सहा महिन्यांनी तो वाटत नाही.

आरओत ७५ टक्के रिकव्हरी, म्हणजे फीडच्या ७५ टक्के पाणी शुद्ध होऊन मिळाले, की रिजेक्ट (मागे उरलेले पाणी) फीडच्या चौपट दाट होते. फीडचा टीडीएस ६००० असेल तर रिजेक्टचा सुमारे २४,०००. मिठाच्या दर हजार मिलिग्रॅमला साधारण पाऊण बार ऑस्मोटिक दाब धरला, तर शेवटच्या एलिमेंटजवळ १८ बार नुसते मिठाशी झगडण्यात जातात, आणि पाणी त्यावरच्या दाबाने निघते. रिकव्हरी ८० टक्के केली की सिलिका आणि कॅल्शियमही पाचपट होतात, तेव्हा सिलिकाच्या वरच्या १२० च्या आकड्याशी ताळा करूनच रिकव्हरी ठरवावी. सांडपाण्यावर आरओचा प्रवाह १५ एलएमएच धरावा: ७५ घनमीटर परमीएट (मेम्ब्रेनपार आलेले शुद्ध पाणी), वीस तास, म्हणजे २५० चौरस मीटर, आठ इंची एलिमेंटमध्ये सुमारे ३७ चौरस मीटर असतात, म्हणजे सात लागतील. आठ बसवावीत.

पाचवी पायरी: चालवणे, धुणे आणि दोष शोधणे

रोजच्या वहीत फीडचा दाब, रिजेक्टचा दाब, परमीएटचा प्रवाह, फीड आणि परमीएट दोन्हींचा टीडीएस आणि पाण्याचे तापमान लिहावे. तापमान यासाठी, की एका अंशाला प्रवाह सुमारे तीन टक्के बदलतो; डिसेंबरच्या पहाटेची घट ही फाउलिंग (मेम्ब्रेनवर घाण साचणे) नसून थंडी असते. तापमानाचा हिशेब करून प्रवाह १० ते १५ टक्के घटला किंवा दोन टोकांतील दाबाचा फरक १५ टक्के वाढला की लगेच धुवावे. ३० टक्क्यांपर्यंत वाट पाहिली तर थर दाबला जातो आणि धुलाईला दाद देत नाही.

रंगाईच्या पाण्यावर आधी अल्कली, मग अॅसिड हा क्रम पाळावा. आधी अॅसिड दिल्यास सेंद्रिय थर आणि सिलिका आणखी घट्ट बसू शकतात. आरओसाठी अल्कलीचा पीएच ११ ते १२ आणि पाणी ३५ अंशांच्या आसपास कोमट, पण उत्पादकाने त्या तापमानाला दिलेली पीएचची मर्यादा आधी पाहून; अॅसिडसाठी सायट्रिक, पीएच २ ते ३. फिरवणे अर्धा तास, भिजवणे तासभर, पुन्हा फिरवणे, आणि टाकीतले पाणी रंगीत झाले की ते ओतून नवे घेणे. तेच घाण पाणी तासन् तास फिरवून मेम्ब्रेन स्वच्छ होत नाही.

माझ्या देखरेखीखालच्या एका प्लांटवर परमीएटचा टीडीएस एका रात्रीत १८० वरून ४०० च्या वर गेला होता. विक्रेता म्हणाला मेम्ब्रेन संपले, मालक म्हणाले विक्रेत्याने जुना माल दिला. आम्ही परमीएटच्या तोंडातून बारीक प्लॅस्टिकची नळी प्रेशर व्हेसलमधल्या (एलिमेंट ज्यात ओळीने बसतात त्या जाड नळकांड्यातल्या) मधल्या नळीत टोकापर्यंत सरकवली आणि वीत-वीत मागे ओढत प्रत्येक ठिकाणचे पाणी पेल्यात घेऊन टीडीएस मोजला. एखाद्या जोडावर आकडा एकदम उडी मारत असेल तर ओ-रिंग फाटलेली असते, आणि ती बदलायला फार खर्च येत नाही. आमचा आकडा कुठेच उडी मारत नव्हता. तो पहिल्या एलिमेंटपासूनच वाढलेला होता. चौकशीत निघाले की यूएफ हायपोक्लोराइटने धुतल्यावर रात्रपाळीने पुरेसे फ्लशिंग न करता आरओ सुरू केला होता, आणि क्लोरिन नष्ट करणाऱ्या मेटाबायसल्फाइटची डोसिंग टाकी रिकामी होती. चूक रात्रपाळीची नव्हती, माझी होती: यूएफच्या धुलाईनंतर क्लोरिनची पट्टी पाहिल्याशिवाय आरओ सुरू होणार नाही असा कुलूपबंद नियम मी केलाच नव्हता. एक मिलिग्रॅम क्लोरिनला हिशेबाने १.३४ मिलिग्रॅम मेटाबायसल्फाइट लागते. प्रत्यक्षात तीन द्यावे.

ती आठ एलिमेंट भंगारात गेली नाहीत. खराब झालेल्या आरओचा पॉलिअमाइड थर हायपोक्लोराइटने मुद्दाम पूर्ण काढला की खाली पॉलिसल्फोनचे यूएफ उरते. जे एलिमेंट एक मिलिग्रॅम क्लोरिनमध्ये काही शे तासांत बिघडू लागते, त्याचे पूर्ण यूएफ करायला मात्र सुमारे तीन लाख मिलिग्रॅम-तासांचा मारा लागतो, म्हणजे दहा हजारांच्या द्रावणात तीस तास. आम्ही ती आरओच्या आधी राखणदार म्हणून बसवली.

दिवाळीची सुट्टी

प्लांट दोन दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर आरओ आधी परमीएटने फ्लश करावा, धुलाई बाकी असेल तर ती करून घ्यावी, आणि व्हेसलमध्ये एक टक्का सोडियम बायसल्फाइटचे द्रावण हवा न राहता भरून दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करावेत. द्रावणाचा पीएच तीनच्या खाली गेला की ते बदलावे. यूएफचे तंतू कधीही कोरडे पडू देऊ नयेत, कारण वाळताना त्यांची छिद्रे मिटतात आणि पाण्यात पुन्हा भिजवून ती सगळी उघडत नाहीत. सुट्टीवर जाणाऱ्या ऑपरेटरने टाकीतल्या पाण्याची पातळी तंतूंच्या वर आहे हे स्वतः डोळ्यांनी पाहावे, पातळीची खूण खडूने टाकीवर ओढावी आणि गेटवरच्या वॉचमनला ती दाखवून ठेवावी.